मुक्त ज्ञानसाधने : शोध आणि उपयोग

धर्मानंद कोसंबी १८९९ साली गोव्यातील सांखवळ सोडून बाहेर पडले, ते बौद्ध धर्माचे मूळ ग्रंथ कोठे आणि कोणापाशी शिकावयास मिळतील याच्या शोधात. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया अशी पायपीट करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले आणि तेथे त्यांच्या पाली अध्ययनास खरा आरंभ झाला. ज्या ग्रंथांसाठी त्यांनी घरदार सोडले, ते संपूर्ण त्रिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरी लिपीत संगणकावर आणून कोणासही विनामूल्य खुले केले आहे. तुये गावातील विद्यार्थी ते आज घरबसल्या उघडू शकतो. पाली शिकविणारा गुरू मात्र तसा घरबसल्या मिळत नाही. साधने सुलभ झाली म्हणून अध्ययन सुलभ झाले असे नव्हे, ही गोष्ट आरंभीच नमूद करून मी मूळ विषयाकडे वळतो.

या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी लेखाचा विषय मीच निवडावा असे सांगण्यात आले, तेव्हा मी हा विषय घेतला. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज पणजीपासून आखाती देशांपर्यंत पसरलेले आहेत. त्यांतील अनेकांस आपल्या गावाचा इतिहास, आपल्या देवस्थानची परंपरा, आपल्या नदीचे व शेतीचे शास्त्र यांविषयी खरी जिज्ञासा असते. परंतु विद्यापीठाचे ओळखपत्र खिशात नसल्यामुळे संशोधनाचे दार आपल्यासाठी बंद आहे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत आता अर्धीच खरी राहिली आहे. उरलेली अर्धी कोणती, हेही पुढे पाहू.

‘ओपन अ‍ॅक्सेस’ या संज्ञेस मराठीत ‘मुक्त प्रवेश’ असा प्रतिशब्द वापरला जातो. प्रथम तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. संशोधक आपला निबंध लिहितो, त्याबद्दल त्यास मानधन मिळत नाही. निबंधाचे परीक्षण करणारे तज्ज्ञही बहुधा विनामोबदला काम करतात. संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या करांतून झालेला असतो. आणि तोच निबंध नियतकालिकात छापला गेल्यावर तो वाचण्यासाठी ग्रंथालयांना भरमसाट वर्गणी मोजावी लागते. या विसंगतीवर पहिला व्यवहारी तोडगा भौतिकशास्त्रज्ञांनी काढला. १९९१ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी ‘अर्काइव्ह’ नावाचे संगणकीय भांडार सुरू केले व छापण्यापूर्वीचे निबंध तेथे ठेवण्याची प्रथा पडली. पुढे १४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने या चळवळीस नाव आणि व्याख्या दिली. त्या व्याख्येप्रमाणे मुक्त साहित्य केवळ फुकट वाचावयास मिळून भागत नाही. ते उतरवून घेता आले पाहिजे, त्याच्या प्रती काढून वाटता आल्या पाहिजेत, आणि लेखकाचे श्रेय राखून त्याचा पुढे उपयोग करता आला पाहिजे. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांची सर्रास गल्लत होते. रस्त्यावर लावलेले वर्तमानपत्र फुकट वाचता येते, पण ते घरी नेता येत नाही. संगणकावरील पुष्कळसे साहित्य या जातीचे आहे.

मग खर्च कोण करतो? येथे वाटा फुटतात. काही नियतकालिके वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेतात. ‘नेचर’ने २०२० च्या अखेरीस जाहीर केलेले असे शुल्क एका निबंधास साडेनऊ हजार युरो होते. आपल्याकडील किती प्राध्यापकांस ते परवडेल, हे सांगावयास नको. दुसरी वाट अशी की, निबंध छापला कोठेही गेला तरी त्याची लेखकाजवळील प्रत त्याच्या संस्थेच्या भांडारात ठेवायची. तिसऱ्या वाटेने जाणारी नियतकालिके लेखकाकडूनही घेत नाहीत आणि वाचकाकडूनही घेत नाहीत. खर्च एखादी विद्वत्संस्था सोसते. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, जी सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापिली, ती आपली नियतकालिके आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवते. ‘करंट सायन्स’चेही तसेच आहे. मला स्वतःला ही तिसरी वाट सर्वांत प्रतिष्ठेची वाटते आणि भारताने तिचा पुरेसा गौरव केलेला नाही असेही वाटते.

आता प्रत्यक्ष शोधाकडे येऊ. उदाहरणादाखल पेडणे महालाचा इतिहासच घेऊ, कारण तेथे अडचणीही पुष्कळ आहेत आणि साधनेही पुष्कळ आहेत. पेडणे पोर्तुगिजांकडे कायमचे गेले ते १७८८ साली. डिचोली आणि सत्तरी त्यापूर्वी काही वर्षे. त्याआधी, मधला थोडा काळ सोडता, हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. याचा अर्थ असा की, अभ्यासकाने १७८८ च्या अलीकडचे कागद पोर्तुगीज भाषेत आणि पलीकडचे कागद बहुतांशी मोडी लिपीत शोधावयाचे. पलीकडच्या काळासाठी पहिले हाताशी घ्यावे ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी हा १८८० सालचा दहावा खंड. तो इंग्रजीत आहे, खुला आहे, आणि त्यातील सावंतवाडीचे प्रकरण पेडण्याच्या माणसाने वाचावे असेच आहे. त्यातील निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारू नयेत. ते एका परकीय सत्तेच्या अधिकाऱ्यांनी कारभाराच्या सोयीसाठी लिहविलेले आहेत.

पोर्तुगीज बाजूची हकीकत अधिक मनोरंजक आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ सालची आणि त्याचा पहिला प्रमुख इतिहासकार दियोगु द कोतु. दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बनहून येणाऱ्या जहाजांतून राजाची पत्रे येत व उत्तरे जात. या पत्रव्यवहाराच्या वह्यांस ‘मोंसोंइश’, म्हणजे मोसमांच्या वह्या, असे नाव पडले. त्यांपैकी ६२ खंड १७७७ साली गोव्याहून लिस्बनला नेण्यात आले. ते आजही तेथील तोर्रे दु तोम्बु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि उरलेले खंड पणजीत आहेत. एकच ग्रंथमाला दोन खंडांत विभागली गेली! आपल्या इतिहासाची साधने आपल्यापासून किती दूर गेली याची ही एकच साक्ष नव्हे. सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी रोमी लिपीत उतरवून घेतलेल्या आपल्याकडील मराठी व कोंकणी कथांची हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्राग येथील ग्रंथालयात आहेत.

सुदैवाने या कागदांचा मोठा भाग छापला गेला. गोव्यात १८५५ साली सरचिटणीस म्हणून आलेले कुन्य रिव्हार हे मूळचे एव्होर येथील ग्रंथपाल. त्यांनी ‘आर्किव्हु पोर्तुगेज ओरियंताल’ ही ग्रंथमाला १८५७ पासून नव्या गोव्यात छापून काढली. तिचे खंड आज इंटरनेट आर्काइव्हवर उघडपणे मिळतात. पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा स्वतंत्र डिजिटल विभाग आहे. आव्हैरु विद्यापीठाच्या ‘आफ्रिका व पूर्व यांच्या स्मृती’ या संकेतस्थळावरही वसाहतकालीन छापील साहित्य पाहावयास मिळते.

या सर्वांत मार्गदर्शक कोणास मानावे, असे कोणी विचारले तर मी सत्तरीतील पिसुर्ले गावच्या पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकरांचे नाव घेईन. गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. १९५५ साली त्यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातील अभिलेखांचा ‘रोतैरु’, म्हणजे मार्गदर्शक ग्रंथ, प्रसिद्ध केला. अभिलेखागारात कोणती वही कोणत्या विषयाची हे ज्यास ठाऊक नाही, त्यास दार उघडे असूनही काही सापडत नाही. संगणकीय भांडाराचेही अगदी तसेच आहे. त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आता गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

शोध घेताना सर्वांत मोठा अडसर असतो तो नावांच्या लेखनाचा. आपण ‘तुये’ लिहितो, पण रोमी लिपीत ते नाव शेवटी ‘एम’ लावून लिहिले जाते. आपले ‘पेडणे’ सरकारी इंग्रजीत ‘पेर्नेम’ होते. डिचोली ‘बिचोलिम’ होते आणि साखळी ‘सांकेलिम’. पोर्तुगीज कागदांत सावंतवाडीकर भोसल्यांस ‘बोंसुलो’ म्हटलेले आढळते. ज्याने रोमी लिपीत ‘भोसले’ एवढेच टंकून शोधले, त्यास हे कागद सापडणार नाहीत आणि साधनेच नाहीत असा त्याचा ग्रह होईल. म्हणून शोधास बसण्यापूर्वी एका वहीत प्रत्येक नावाची निदान चार-पाच रूपे लिहून काढावीत. जुने लेखन, नवे लेखन, पोर्तुगीज, इंग्रजी, मराठी. ही वही पुढे कोणत्याही शोधयंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेखाली आपल्या देशातील लक्षावधी जुनी पुस्तके पानापानाने प्रतिमांकित झाली. पण त्यांची नावे रोमी लिपीत, कित्येकदा चुकीच्या लेखनाने आणि चुकीच्या सालासह नोंदविली गेली. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. अनेक पुस्तके तत्पूर्वी इंटरनेट आर्काइव्हने उतरवून घेतली होती म्हणून वाचली, आणि त्यांबरोबर त्या चुकाही वाचल्या. तेव्हा ग्रंथाच्या नावाने पुस्तक न सापडल्यास लेखकाच्या आडनावाने शोधावे, तेही न साधल्यास शीर्षकातील एखाद्या अनोख्या शब्दाने. शोधयंत्र प्रतिमेतील अक्षरे ओळखून मजकूर तयार करते खरे, परंतु जुन्या मराठी छपाईतील जोडाक्षरांपाशी ते अडखळते आणि मोडीपुढे तर हातच टेकते. मोडी शिकण्याला अजून तरी पर्याय नाही.

शब्दार्थांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयाचा मी मुद्दाम उल्लेख करतो. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश तेथे शब्दागणिक शोधता येतो. केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा मराठी विश्वकोश हेही स्वतंत्र संकेतस्थळांवर खुले आहेत. आपल्या शाळेतील लहान मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही उपलब्ध आहेत. त्यांकडे शिक्षकांचे लक्ष जावे.

प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात देणे बंधनकारक केले. तोवर ग्रंथालयांच्या कपाटांत पडून राहणारे प्रबंध त्यामुळे लाखांच्या संख्येने बाहेर आले. गोवा विद्यापीठातील प्रबंधही तेथे पाहता येतात. प्रबंध वाचताना मी आधी शेवटची संदर्भसूची उघडतो. एका बऱ्या प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले तीन-चार वर्षांचे काम असते. प्रबंधातील विवेचन सामान्य असले तरी सूची पुष्कळदा उत्तम निघते.

विज्ञानाकडे वळायचे तर आपल्याला दूर जावे लागत नाही. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १ जानेवारी १९६६, हिने आपल्या शास्त्रज्ञांच्या निबंधांचे डिजिटल भांडार लोकांस खुले ठेवले आहे. मांडवी व जुवारी यांच्या मुखप्रदेशांवरील तिचे २००७ सालचे संपादित पुस्तक तेथून पूर्ण उतरवून घेता येते. भरती-ओहोटीचे पाणी नदीत किती आत जाते, खारेपणा कोणत्या महिन्यात किती असतो, गाळ कोठून येतो, हे त्यात मोजमापांसह सांगितले आहे. आपल्या शापोरा नदीवर त्या मानाने थोडे लिहिले गेले आहे. परंतु मांडवी-जुवारीवर वापरलेली पद्धत समजून घेऊन कामुर्ली-तुये फेरीच्या धक्क्यावर आपल्या विद्यार्थ्यांनी वर्षभर पाण्याचा खारेपणा नोंदविला, तर ते काम तज्ज्ञांसही उपयोगी पडेल. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजन शेतीवर आणि ‘कोरगुट’ या खारे पाणी सोसणाऱ्या भातावर केलेले कामही असेच पाहण्याजोगे आहे. मानशीची फळी निसटून शेतात खारे पाणी शिरले की काय होते हे शेतकऱ्यास ठाऊक असतेच. त्यावर कोणते बियाणे टिकेल, हे मात्र त्या पत्रिकांत वाचावयास मिळते.

संशोधनाचे साहित्य म्हणजे केवळ विद्वानांचे निबंध, असे मानू नये. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाच्या अर्जाचा नमुना, पर्यावरणीय आघात अहवाल, तज्ज्ञ समितीच्या बैठकींची इतिवृत्ते हे सारे जाहीर कागद असतात. मोपा येथील विमानतळास ऑक्टोबर २०१५ मध्ये मिळालेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ च्या निर्णयाने स्थगित ठेवली, ती मुख्यतः याच कागदांच्या वाचनावरून. अर्जात जी माहिती द्यावयास हवी होती ती दिलेली नाही, हे कागद समोर ठेवून दाखविण्यात आले. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी अधिक अटींसह ती स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. प्रकल्पाविषयी आपल्यापैकी कोणाचे मत काय आहे, हा येथे प्रश्न नाही. तो निर्णय इंग्रजीत, विनामूल्य, कोणासही वाचता येतो. तालुक्याच्या भवितव्याविषयी इतके तपशीलवार लेखन दुसरे क्वचितच असेल. पेडण्यातील किती पदवीधरांनी तो वाचला आहे, असे मी अनेकदा मनाशी विचारतो.

हक्कांविषयी थोडे. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे त्याच्या ग्रंथाचा हक्क वारसांकडे राहतो आणि ही वर्षे मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. धर्मानंद कोसंबी १९४७ साली गेले. त्यांचे मराठी ग्रंथ कोणीही पुन्हा छापू शकतो. पिसुर्लेकर १९६९ साली गेले, म्हणून त्यांचे हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत आहेत. बाकीबाब बोरकरांचे २०४४ पर्यंत. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी त्याचे भाषांतर मुक्त असतेच असे नाही, कारण भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजला जातो. संगणकावर एखादे पुस्तक दिसले म्हणजे ते हक्कमुक्त आहे, असेही समजू नये. मात्र स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात उतारे घेण्यास कायद्याची मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविषयीच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या प्रतींनाही उदारपणे संरक्षण दिले.

‘खुले’ म्हणजे ‘खरे’ नव्हे, हेही लक्षात ठेवावे. लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव आपल्या देशात फुटले. पुण्यातील अभ्यासकांनी विद्यापीठांच्या शिफारशीने मान्य यादीत शिरलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा त्यांचा २०१८ सालचा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून निबंध हाती आल्यावर संपादक मंडळ कोण, परीक्षण होते काय, आणि संदर्भ म्हणून दिलेले मूळ लेखन खरोखर तसे म्हणते काय, हे तपासावे. या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत कष्टाचा आहे आणि सर्वांत कमी लोक तो विचारतात.

आता ती उरलेली अर्धी समजूत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांस ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थ्यांस व अध्यापकांस १ जानेवारी २०२५ पासून तिचा लाभ मिळू लागला. योजना मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शाळेतील शिक्षक, गावातील वैद्य, निवृत्त अभियंता, शेतकरी आणि पदवी घेऊन बाहेर पडलेला आपला माजी विद्यार्थी या वर्तुळाच्या बाहेरच राहतात. एवढा पैसा वर्गणीत जातो, तो खुल्या नियतकालिकांच्या उभारणीत गेला असता तर हे दार सर्वांस उघडले असते, असे माझे मत आहे.

बंद निबंध समोर आल्यास तेथेच थांबू नये. गूगल स्कॉलरवर त्या शीर्षकाखाली ‘सर्व आवृत्त्या’ असा पर्याय असतो. तेथे लेखकाच्या संस्थेच्या भांडारातील प्रत पुष्कळदा सापडते. ‘अनपेवॉल’ आणि ‘कोअर’ ही साधने हेच काम करतात. तेही न साधल्यास लेखकास चार ओळींचे सभ्य पत्र ई-मेलने पाठवावे. आपण कोण, काय अभ्यासतो, कोणता निबंध हवा, एवढेच लिहावे. परदेशी प्राध्यापकसुद्धा अशा पत्रास आनंदाने उत्तर देतात, कारण आपला निबंध कोणी वाचतो आहे ही वार्ता त्यांनाही दुर्मिळच असते. गावातील मंडळींनी पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची पायरीही चढावी. १८३२ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयात असे पुष्कळ आहे की जे संगणकावर अद्याप आलेले नाही.

जे आले आहे तेही कायमचे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद राहिले. तेव्हा हवे ते साहित्य उतरवून घ्यावे, फाइलीस लेखक-साल-शीर्षक असे नाव द्यावे, आणि कोठून व कोणत्या दिवशी घेतले ते टिपून ठेवावे.

याच न्यायाने आपल्या शाळेच्या कपाटांतील जुनी वार्षिके, स्मरणिका आणि या व्याख्यानमालेच्या पुस्तिका यांचाही विचार व्हावा. अंकांचे फोटो मोबाइलवर न काढता सपाट स्कॅनरवर, तीनशे बिंदूंच्या घनतेने घ्यावेत. हयात लेखकांची लेखी संमती मिळवावी. दिवंगतांच्या कुटुंबीयांना विचारावे. प्रत्येक अंकाची नोंद देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत, गावाच्या नावाच्या सर्व रूपांसह करावी. एक प्रत शाळेत, एक मध्यवर्ती ग्रंथालयात आणि एक इंटरनेट आर्काइव्हवर ठेवावी. दहावीच्या सुटीतील चार विद्यार्थी आणि एक शिक्षक यांस हे काम एका उन्हाळ्यात पुरे करता येईल. आरंभ सर्वांत जुन्या अंकांपासून करावा, कारण त्यांचा कागद आता बोट लावताच तुटतो.